मामाचं वॉशिंग मशीन

मागच्या महिन्यात शुक्रवारी रात्री साडेनऊला मामाचा फोन. "अरं, तू उद्या येणारच हाईस न्हवं? मग सकाळी पहिला शॉपवर ये. मशीन फेस ओकायला लागलंय."

मला आधी वाटलं घरातलं वॉशिंग मशीन. पण मामाचं शॉप म्हणजे शिवाजी उद्यमनगरमधलं मशीन शॉप. फौंड्रीतून आलेले कास्ट आयर्नचे जॉब घ्यायचे, बोअर-ड्रिल-टॅप करायचे, बर काढायची आणि धुऊन, तेल लावून पार्टीला पाठवायचे. धुण्यासाठी त्याने दीड वर्षापूर्वी स्प्रे वॉशर घेतला. स्टीलचा डबा, आत फिरणारी टोपली, चारी बाजूंनी नोझल, खाली तीनशे लिटरची टाकी आणि हीटर. म्हणजे थोडक्यात वॉशिंग मशीनच, फक्त साड्यांऐवजी ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकची हाऊसिंग्ज धुणारं.

"मामा, मी कॉम्प्युटरचा इंजिनियर आहे हो."

"इंजिनियर त्यो इंजिनियर. ये की."

तर मंडळी, गेल्या तीन-चार शनिवार-रविवारी मी जे वाचतोय, लोकांना फोन करून विचारतोय, ते सगळं त्या एका फोनमुळे. आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. ते असं की आपल्या उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात डिग्रीजर विकत घेताना जे तीन प्रश्न विचारले जातात (रेट काय? रंग कुठला? फेस येतो का?) त्यातले शेवटचे दोन निव्वळ फालतू आहेत. आणि जो प्रश्न विचारायला हवा तो कुणीच विचारत नाही: आतल्या रेणूची शेपटी कशी आहे, सरळ की फांद्यांची?

हसू नका. सांगतो.

शनिवारी सकाळी पोचलो तेव्हा शॉपच्या उंबऱ्यापर्यंत फेस होता. गणपती विसर्जनाला कुणी साबणाचं पोतं ओतल्यासारखा. तात्या (शॉपमधले सर्वात जुने कामगार, मी चड्डीत होतो तेव्हापासून तिथे आहेत) खराट्याने फेस मागे ढकलत होते आणि फेस पुन्हा पुढे येत होता. मामाचा निष्कर्ष तयार होता. नेहमीचं लिक्विड संपलं होतं, हेल्परने दुसऱ्या एका दुकानातून तसलंच निळं कॅन आणलं, स्वस्त पडलं, दुकानदाराने "फेस बघा कसला येतोय" म्हणून हातावर चोळून दाखवलं. हेल्पर खूश, मामाही खूश. मशीन चालू केलं आणि पंधरा मिनिटांत हा प्रकार.

मीही लगेच मान डोलावली. डिपेन्डन्सी बदलली, सिस्टिम पडली. सोपा बग. टाकी रिकामी करा, जुनं लिक्विड आणा, भरा.

दुपारपर्यंत जुनं लिक्विड आलं. भरलं. चालू केलं. पुन्हा फेस! पहिल्यापेक्षा कमी, पण उंबऱ्याच्या दिशेने निघालेलाच. माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार, कारण तात्या गालात हसत होते.

मग त्या कॅनचं लेबल नीट वाचलं. अगदी बारीक अक्षरात लिहिलं होतं: ५५ ते ६५ अंशांवर वापरा. टाकीचा काटा दाखवत होता ३४. "हीटर?" मी विचारलं. मामा दुसरीकडे बघायला लागला. लाईटबिल जास्त येतंय म्हणून महिन्याभरापूर्वी हीटरचं बटन खाली पडलं होतं. त्या महिन्यातही थोडाफार फेस येतच होता, पण झाकणाच्या आत. त्यामुळे कुणी लक्ष दिलं नव्हतं.

म्हणजे बग दोन होते, आणि दोन्हींची गोष्ट एकाच रेणूशी जोडलेली आहे. आता जरा रसायनशास्त्र. बारावीत ज्यांनी ऑर्गॅनिक ऑप्शनला टाकलं होतं त्यांनीही वाचा, मी पण टाकलं होतं.

साबण, डिटर्जंट, डिग्रीजर यांचा जीव म्हणजे सरफॅक्टंट. एका रेणूला दोन टोकं. डोकं पाणी आवडणारं, शेपटी तेल आवडणारी. पाण्यात टाकला की शेपटीला पाणी सोसत नाही, म्हणून रेणू पळत पळत पृष्ठभागावर जातो आणि शेपटी बाहेर काढून उभा राहतो. पाण्याचा पृष्ठताण साधारण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, तो या गर्दीमुळे तीसच्या आसपास येतो. पाणी "ओलं" होतं असं म्हणा हवं तर. नुसतं पाणी तेलकट लोखंडावर थेंब थेंब होऊन बसतं. हे पाणी पसरतं, फटीत शिरतं, टॅप केलेल्या आट्यांत उतरतं.

मग तेल सुटतं कसं? मिसळीची रिकामी ताटली आठवा. कटाचा तांबडा थर चिकटून बसलेला. गरम साबणपाणी ओतलं की थराच्या कडा उचलतात, तो आक्रसतो, त्याच्या गोळ्या होतात आणि गोळ्या सुटून वर तरंगतात. लोखंडावरही तेच. पाणी तेलाच्या खाली शिरतं आणि तेलाची वळकटी करतं. इंग्रजी पुस्तकांत याला 'रोल-अप' म्हणतात. वळकटी हा शब्द मला जास्त आवडला.

औद्योगिक डिग्रीजरमध्ये बहुतेक वेळा ही शेपटी म्हणजे एक अल्कोहोल असतं. (लगेच गोव्याच्या रस्त्याकडे बघू नका. हे आठ, दहा, तेरा कार्बनचं अल्कोहोल, पिण्याच्या कामाचं नाही.) त्याच्या टोकाला इथिलीन ऑक्साइडचे पाच, आठ, दहा तुकडे मण्यांसारखे जोडले की पाणी आवडणारं डोकं तयार. मणी जास्त तर पाण्याकडे ओढा जास्त, मणी कमी तर तेलाकडे. या तराजूला १९४९ साली ग्रिफिन नावाच्या रसायनतज्ज्ञाने आकडा दिला, त्याला एचएलबी म्हणतात. हिशोब एवढा सोपा आहे की मी तो मोबाईलवर केला: तेरा कार्बनच्या अल्कोहोलचं वजन २००, आठ मण्यांचं ३५२, एकूण ५५२. मण्यांचा वाटा चौसष्ट टक्के, भागिले पाच, उत्तर पावणेतेराच्या आसपास. तेल धुवायला साधारण याच पट्ट्यातला आकडा लागतो.

पण एचएलबी डोकं आणि शेपटी यांचा फक्त तराजू मापतो, शेपटीचा आकार त्याला कळत नाही. खरी मजा आकारात आहे.

खोबरेलापासून किंवा पामच्या गरापासून केलेलं अल्कोहोल सरळ काठीसारखं असतं, बारा-चौदा कार्बन एका ओळीत. पेट्रोकेमिकलमधून केलेलं आयसोट्रायडेकॅनॉल, २-प्रोपिलहेप्टॅनॉल, २-इथिलहेक्झॅनॉल ही मंडळी फांद्यांची. मार्सेल गेर्बे नावाच्या फ्रेंच माणसाने १८९९ मध्ये दोन अल्कोहोल एकमेकांना जोडून फांदीवालं मोठं अल्कोहोल करायची युक्ती शोधली. त्या प्रकारच्या अल्कोहोलांना आजही त्याच्या नावाने ओळखतात.

फांदीने काय होतं? कोल्हापूरकराला हे समजावायला बोर्ड-खडू लागत नाही. सोललेला ऊस ट्रॉलीत भरा. मोळीवर मोळी घट्ट बसते, ट्रॉली कठड्याच्या वर हातभर रचली तरी हलत नाही. आता त्याच ट्रॉलीत बाभळीच्या फांद्या भरा. कितीही दाबा, मध्ये पोकळ्या राहतातच, आणि एक ओढली की चार सुटतात.

सरळ शेपटीचे रेणू उसासारखे रचले जातात. बुडबुड्याची भिंत घट्ट, लवचिक, टिकाऊ. म्हणून भरपूर फेस, आणि तो बसत नाही. फांदीवाल्यांची भिंत ढिली. फेस होतो, पण लवकर मरतो. स्प्रे वॉशरमध्ये पंप पाणी दाबाने फवारतो, म्हणजे मशीन हे फेस करण्याचंच यंत्र. तिथे टिकाऊ फेस म्हणजे पंप हवा ओढणार, नोझलचा जोर जाणार, टाकी उतू जाणार. आणि जॉब धुतला जाणारच नाही, कारण फेसाच्या गादीवर पाण्याचा फटका बसत नाही.

दुसरं, घट्ट रचल्यामुळे सरळ शेपटीचा माल पाण्यात ठरावीक प्रमाणात मिसळला की त्याची जेली होते. ड्रममध्ये काठी उभी राहील अशी. फांदीवाला पातळ राहतो, थंडीतही ओतता येतो.

तिसरं मला सर्वात आवडलेलं: वेग. नोझलमधून निघालेलं पाणी जॉबवर आपटतं तेव्हा क्षणाक्षणाला नवा पृष्ठभाग तयार होतो. सरफॅक्टंट तिथे पोचायला उशीर झाला तर त्याचा उपयोग शून्य. सरळ शेपटीवाले पाण्यात एकमेकांना धरून गोळे करून बसतात, लवकर सुटत नाहीत. फांदीवाल्यांचे गोळे पटकन फुटतात, सुटे रेणू जास्त असतात, ते आधी पोचतात. कापडवाल्यांना हे कधीपासून माहीत आहे. कोऱ्या सुताची लडी पाण्यात टाकायची आणि बुडायला किती सेकंद लागतात ते मोजायचं, ही त्यांची जुनी टेस्ट. मेण असलेलं कोरं सूत साध्या पाण्यावर आरामात तरंगत राहतं.

याचा अर्थ फांदी सगळ्यात भारी असाही नाही. तेल पोटात धरून ठेवायचं काम सरळ शेपटीवाले जास्त चांगलं करतात, कमी मालात करतात. बादलीत बुडवून, ब्रशने घासून धुणार असाल तर त्यांनी काही बिघडत नाही. पण मामाच्या टाकीत तेल धरून ठेवणारा साबण नकोच आहे! तिथे तेल सुटून पटकन वर यायला हवं, म्हणजे स्किमरचा पट्टा ते उचलून बाहेर टाकतो आणि तेच पाणी कितीतरी दिवस चालतं. तेल पाण्यात मिसळून दूध झालं की टाकी मेली.

आणि हीटर? या जातीच्या सरफॅक्टंटची एक खोड आहे. पाणी तापलं की डोक्याची आणि पाण्याची दोस्ती सैल होते, आणि एका तापमानाला द्रावण एकदम गढूळ होतं. याला क्लाउड पॉइंट म्हणतात. (सोडा, सिलिकेट वगैरे क्षार मिसळले की हे तापमान आणखी खाली येतं.) त्याच्या वर गेलं की वेगळे झालेले बारीक थेंब फेसाच्या भिंती फोडतात. चांगला डिग्रीजर बनवणारा मुद्दाम असा माल निवडतो की ज्याचा क्लाउड पॉइंट कामाच्या तापमानाच्या जरा खाली असेल. म्हणजे मामाचं जुनं लिक्विड ६० अंशांवर फेस मारणारं होतं आणि ३४ अंशांवर फेस करणारं. लाईटबिल वाचवलं आणि फेस विकत घेतला. हीटर चालू केला, तासाभरात काटा ५८ वर गेला, फेस बसला. तात्या म्हणाले, "मालक, मी बोललो हुतो." खरंच बोलले होते म्हणे.

इथपर्यंत हा एक गमतीचा किस्सा आहे. पण मी अस्वस्थ झालो ते वेगळ्याच गोष्टीने.

ज्या गावाच्या इंजिनियरिंगचा पाया घालणारे म्हणून म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांची नावं आजही घेतली जातात, त्या गावात जॉब कसे धुतले जात होते? ट्रेमध्ये रॉकेल, नाहीतर डिझेल, आणि ब्रश. तात्यांनी वीसेक वर्षं ते केलं. त्यांच्या बोटांच्या पेरांना कायमच्या भेगा असायच्या, जेवताना तिखट झोंबायचं म्हणून ते चमच्याने जेवायचे. लहानपणी मला वाटायचं तात्या फार स्टायलिश आहेत. काही ठिकाणी ट्रायक्लोर म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन वापरलं जायचं. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग करणारं म्हणून पहिल्या गटात टाकलं. त्या मानाने पाण्यात धुणं हे केवढं मोठं पाऊल आहे! (धुतल्यावर कास्ट आयर्न दहा मिनिटांत तांबूस होतं, म्हणून गंजरोधक घालावं लागतं, तो वेगळा वैताग.) तात्या आता हाताने जेवतात. म्हणून फांदीवाल्या सरफॅक्टंटबद्दल माझ्या मनात प्रेम आहे, हे आधी नोंदवतो.

पण रॉकेल ट्रेमध्ये राहायचं, पाणी कुठे जातं?

त्या शनिवारी मी "टाकी रिकामी करा" म्हटलं आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर हेल्परने पाईप गटारात सोडला होता. पांढरा फेस नालीतून डुलत डुलत चालला होता. जयंती नाला पंचगंगेला मिळतो, पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला, आणि वाटेतली गावं ते पाणी पितात, हे मला शाळेपासून पाठ आहे. मी ओरडून पाईप काढायला लावला. तोपर्यंत शंभरेक लिटर गेलं होतं. सूचना कुणाची होती? माझी.

आणि इथे फांदीची दुसरी बाजू येते. बॅक्टेरिया शेपटी खातात ती टोकाकडून, दोन-दोन कार्बन तोडत. सरळ शेपटी म्हणजे सोललेला ऊस, कराकरा संपतो. फार फांद्या असल्या की दात अडकतात. १९५० च्या दशकात जगभरच्या डिटर्जंटमध्ये अशीच भरपूर फांद्यांची शेपटी होती (चार प्रोपिलीन जोडून केलेली, अल्कोहोल नव्हे, पण तत्त्व तेच). युरोप-अमेरिकेत नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला, तो १९६४ पासून लागू झाला. अमेरिकेतले उत्पादक १९६५ मध्ये सरळ शेपटीकडे वळले. मग नोनिलफिनॉलची पाळी. त्यालाही फांद्या, शिवाय बेन्झिनचं कडं. नदीत त्याचे मणी गळतात आणि उरतं नोनिलफिनॉल, जे माशांच्या शरीरात स्त्री-संप्रेरकाची नक्कल करतं. युरोपने २००३ मध्ये नियम करून जानेवारी २००५ पासून औद्योगिक धुण्यासह बहुतेक वापरांत ते बंद केलं. आपल्या बाजारात "एनपी साडेनऊ" म्हटलं की दुकानदार आजही ड्रम काढतो. स्वस्त आहे, धुतं चांगलं.

आयसोट्रायडेकॅनॉलवाले त्यातल्या त्यात बरे. फांद्या मोजक्या, मध्ये बेन्झिन नाही, बऱ्याच जातींना बॅक्टेरिया अठ्ठावीस दिवसांच्या चाचणीत पचवतात. म्हणजे फांदी हवी, पण मोजकी. फेस मरेल एवढी, बॅक्टेरियाचे दात अडकणार नाहीत एवढी. हा हिशोब ज्याने केलाय त्याचा माल घ्यावा, हे माझं मत. पण तो हिशोब निळ्या रंगात दिसत नाही आणि फेसातही दिसत नाही.

मामाचं यावरचं म्हणणं प्रामाणिकपणे देतो. "नदी काय माझ्या तीनशे लिटरनं घाण झालीय व्हय? अख्ख्या शहराचं सांडपाणी जातंय की." बरोबर आहे. पंचगंगेचं दुखणं मोठं आहे आणि मामाचं शॉप त्यात चिमूटभर. पण जॉबवर्कचा रेट पार्टी ठरवते, वर किती मिलिग्रॅम घाण चालेल तेही पार्टीच ठरवते: जॉब धुवायचा, ते पाणी बारीक पडद्यातून गाळायचं, पडदा वजन करायचा. मागे यावरूनच मामाचे दोन लॉट परत आले होते. जॉबवर किती मिलिग्रॅम राहिलं ते मोजणारा कागद आहे. जॉबवरून निघालेलं कुठे गेलं, तो रकानाच त्या कागदात नाही. पार्टीचे क्वालिटीवाले एवढं मोजतात तर तेही विचारावं ना!

आणि एक. फेस न करणारा डिग्रीजर वापरला की नालीत फेस दिसत नाही. तेल मात्र तेवढंच असतं. फेस निदान ओरडून सांगतो तरी. मी पाईप काढायला धावलो तो फेस दिसला म्हणून. साधं पाणी दिसलं असतं तर दुसरा चहा प्यायलो असतो.

असो. परवा मामाने सप्लायरला फोन करून डेटा शीट मागितली. मोबाईलवर एक पान आलं. रंग निळा, वास सौम्य, घटक: "सरफॅक्टंट मिश्रण, प्रोप्रायटरी". आमच्या धंद्यात क्लोज्ड सोर्स लायब्ररीसोबतही यापेक्षा जास्त कागद मिळतो. मी म्हटलं, एवढ्यावर थांबू नका. फॉर्म्युला नको, पण शेपटी कुठल्या जातीची, नोनिलफिनॉल आहे की नाही, क्लाउड पॉइंट किती, अठ्ठावीस दिवसांची टेस्ट आहे का, हे चार प्रश्न लिहून पाठवा. मामाने मराठीतच पाठवले. सप्लायरचं उत्तर आलं: "साहेब, शेपटी म्हणजे?"

मामाने त्याला शनिवारी शॉपवर बोलावलंय. उसाची ट्रॉली आणि बाभळीच्या फांद्या मामा स्वतः समजावणार आहे. उरलेलं दोनशे लिटर पाणी मागच्या भिंतीला दोन ड्रममध्ये ठेवलंय, वर दोन बोटं तेल आलंय. ते उचलून नेणारं कोण मिळतं ते शोधतोय. कुणाला माहीत असेल तर कळवा.